गरिबाचा दात उपटायचा, श्रीमंताचा वाचवायचा?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. कष्टकरी माणसाच्या घरात ही म्हण अक्षरशः खरी ठरते. मुले कमावती होतात, घरात चार पैसे येतात, हवे ते खाण्याची ऐपत येते, तेव्हा आईबापांच्या तोंडात दात उरलेले नसतात. लोक म्हणतात, वय झाले, नशिबात नव्हते. पण यात नशिबाचा काही संबंध नाही.

दाढ दुखू लागली की आपल्या घरात काय होते ते आठवून पाहा. आधी लवंग दाबून धरतात. मग कोणी तंबाखूची चिमूट ठेवायला सांगतो. मग मेडिकलच्या दुकानातून दोन गोळ्या येतात. ठणका थांबला की आपण गप्प बसतो, कारण दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. सहा महिन्यांनी गाल सुजतो, तेव्हा आपणच डॉक्टरांना म्हणतो, "काढूनच टाका, एकदाची कटकट जाऊ द्या." तीच दाढ दुसऱ्या कोणाच्या तोंडात असती, तर वेळेवर साफ करून, भरून, कॅप बसवून आणखी कित्येक वर्षे चालली असती. दात तोच, कीड तीच, फरक आहे तो खिशाचा आणि माहितीचा. खिसा एका दिवसात भरत नाही, पण माहिती मिळवायला पैसे पडत नाहीत. म्हणून या वेळी दातांच्या उपचाराचा इतिहास आणि त्याचे उद्याचे रूप आपण समजून घेऊ.

नऊ हजार वर्षांपूर्वीचे कारागीर

दातांचे डॉक्टर ही अलीकडची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात मेहरगढ नावाचे एक फार प्राचीन गाव उत्खननात सापडले. तेथील दफनभूमीत 9 माणसांच्या 11 दाढांना कोरून भोके पाडलेली आढळली. हे सांगाडे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हे संशोधन 2006 साली प्रसिद्ध झाले. भोकांच्या कडा झिजलेल्या होत्या, म्हणजे कोरकाम झाल्यावर ही माणसे पुष्कळ दिवस जगली, त्याच दाढांनी जेवली.

हे काम केले कोणी? त्या गावात दगडाचे मणी करून त्यांना गारगोटीच्या टोकाने भोके पाडणारे कुशल कारागीर होते. त्यांचेच कसब दातांसाठी वापरले गेले असावे, असे संशोधक मानतात. म्हणजे ज्या विद्येला आज लाखोंची फी पडते, तिची सुरुवात हाताने काम करणाऱ्या माणसाच्या हत्याराने झाली.

दातात किडा असतो का?

आपण "दाताला कीड लागली" म्हणतो. दातात खराच किडा असतो आणि तो दात पोखरतो, ही समजूत जगभर होती. बाबिलोनच्या मातीच्या विटांवरील लेखांतही तिचा उल्लेख सापडतो. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 साली दंतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने सांगितले की आपण किडा शोधला, पण तो दिसला नाही. त्याने साखर दातांना घातक असल्याचेही बजावले.

पुढे 1890 साली बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरे कारण मांडले. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की हे जंतू त्यावर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे कठीण आवरण विरघळते. खाणे थांबले की लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन टाकते आणि दाताची थोडी झीज भरूनही काढते. म्हणून एका बैठकीत लाडू खाल्ला तर नुकसान कमी. पण दिवसभरात सहा वेळा गोड चहा, मध्ये बिस्कीट, मुलांच्या खिशात गोळ्या असे चालले, तर लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही.

आजही बाजारात, जत्रेत कानातील, दातातील किडे काढून दाखवणारे भेटतात. काही घरांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि पाण्यात पडलेले पांढरे तुकडे दाखवून "हे बघा किडे" म्हणतात. तो किडा दातातला नसतो. धुराने घटकाभर ठणका कमी वाटला तरी आतील कुजणे चालूच राहते. कोणी काही दाखवले म्हणून मानायचे नाही, तपासून पाहायचे, एवढी सवय आपण लावून घेतली पाहिजे.

दंतकाष्ठाचा नियम

दात घासण्याच्या बाबतीत आपल्याला एक जुना आणि चांगला वारसा आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ, म्हणजे दातवण, वापरण्यास सांगितले आहे. दातवण न वापरण्याचे पाच तोटे तेथे दिले आहेत. डोळ्यांना ते हितकारक नाही, तोंडाला दुर्गंधी येते, चव नेणाऱ्या नलिका शुद्ध होत नाहीत, पित्त व कफ अन्नावर चढतो आणि जेवण रुचत नाही. काडी किती लांब असावी याचाही नियम आहे. आठ अंगुळांपेक्षा मोठी नको, कारण काही भिक्खू लांब काडीने श्रामणेरांना मारू लागले होते. चार अंगुळांपेक्षा लहानही नको, कारण एकाच्या घशात आखूड काडी अडकली होती. किती व्यवहारी दृष्टी आहे पाहा! यात मंत्र नाही, नवस नाही. अडचण आली, कारण पाहिले, नियम केला.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही इथले भिक्खू रोज सकाळी काडी चावून दात घासतात आणि जीभही खरवडतात, हे आवर्जून नोंदवून ठेवले आहे.

आपल्या आजी-आजोबांनी कडुनिंबाची, बाभळीची काडी वापरली. पुढे राखुंडी आली, कोळसा आला, काळे दंतमंजन आले. काडीने दात साफ होतात, पण राख, कोळसा, विटेची भुकटी यांनी दातांचे आवरण घासले जाते आणि पुढे थंड-गरम लागू लागते. इंग्लंडमध्ये 1780 च्या सुमारास विल्यम ॲडिस याने ब्रशचा कारखाना काढला, तेव्हा ब्रशला जनावरांचे केस असत. नायलॉनच्या केसांचा स्वस्त ब्रश 1938 साली आला. आज आपल्या घरात खिळ्याला पाच ब्रश टांगलेले दिसतात, ती सोय सामान्य माणसाला मिळून शंभर वर्षेसुद्धा झालेली नाहीत.

कोणाच्या दातांवर हे शास्त्र उभे राहिले?

आता इतिहासाची एक कडू बाजू. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात त्यांच्या कवळ्या हस्तिदंत, धातू आणि माणसांच्या दातांच्या होत्या. 1784 सालच्या त्यांच्या हिशेबाच्या वहीत एक नोंद आहे. निग्रो लोकांकडून घेतलेल्या 9 दातांसाठी 6 पौंड 2 शिलिंग दिले. ते दात त्यांच्याच कवळीत बसले की नाही हे सिद्ध झालेले नाही, पण दात देणारे गुलाम असणार याबद्दल इतिहासकारांना फारशी शंका नाही. पैसे दिले म्हणून तो सौदा झाला का? ज्याला नाही म्हणण्याचा हक्कच नाही, त्याचा होकार कसला?

1815 साली वॉटर्लूची लढाई झाली. रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात उपटून विकले गेले आणि श्रीमंतांच्या कवळ्यांत बसले. पुढे त्या काळातील अशा कवळ्यांना "वॉटर्लूचे दात" असे नावच पडले.

याहून अलीकडची गोष्ट स्वीडनमधली आहे. लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे ठेवलेली असत. साखरेने दात किडतात का, हे पाहण्यासाठी 1945 पासून तेथे सरकारी पातळीवर प्रयोग सुरू झाले. त्या माणसांना त्यांची संमती न घेता चिकट टॉफ्या मुद्दाम खाऊ घातल्या आणि कित्येकांचे दात पार नासून गेले. त्यातून निष्कर्ष निघाला, की जेवणाच्या मध्ये वारंवार खाल्लेले चिकट गोड सर्वांत घातक असते. पुढे स्वीडनमध्ये मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोळ्या द्याव्यात असा प्रघात पडला. त्या देशातील मुलांचे दात सुधारले, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते.

आपल्या मुलाला "चॉकलेट घरात येईल ते आठवड्यातून एकदाच" असे सांगताना, हे ज्ञान कोणाच्या तोंडातून आले हे विसरू नये. एवढी किंमत देऊन मिळालेले ज्ञान निदान गरिबाच्या घरापर्यंत पोचावे, हा आपला हक्क आहे.

भूल देण्याची कथाही दातांपासूनच सुरू होते. 1844 साली अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स याने हसवणारा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. 16 ऑक्टोबर 1846 रोजी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. तोवर दात काढणे म्हणजे न्हाव्याने किंवा जत्रेतल्या वैदूने चिमट्याने उपटणे होते. आजही "सुई टोचतील, फार दुखेल" म्हणून आपण दवाखाना टाळतो. खरे तर भुलेच्या सुईमुळे दुखणे टळते.

कवळीसाठी मंत्र्याचा राजीनामा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांत एक चाल होती. मुलीचे लग्न ठरले की तिचे सगळे दात काढून तिला कवळी भेट देत, म्हणजे पुढे नवऱ्याला दातांच्या खर्चाचा भुर्दंड नको! तरुण वयात चांगले दातही काढून टाकत. गरिबीमुळे शरीराचा एक भागच खर्चाचा विषय होऊन बसला होता.

5 जुलै 1948 रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. डॉक्टर, औषध, चष्मा, दात सारे मोफत झाले. दंतवैद्यांच्या दारात रांगा लागल्या. वर्षानुवर्षे हिरड्यांनी चावून खाणारे म्हातारे कामगार कवळ्या घेऊन गेले. मागणी इतकी उसळली की खर्च अंदाजाबाहेर गेला. 1951 साली सरकारने कवळी व चष्म्यावर शुल्क लावले. ही सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन, जे स्वतः खाणकामगाराचे पुत्र आणि लहानपणी खाणीत काम केलेले होते, त्यांनी त्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीच्या शुल्कासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस होऊन गेला, हे आपल्या पुढाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आपल्या देशातील चित्र

भारतात पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी स्थापन केले. 1948 साली दंतवैद्य कायदा झाला आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करण्यावर बंधन आले. 2023 साली संसदेने त्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. आज देशात 300 हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. मात्र त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत आणि शिकून निघालेले डॉक्टर शहरात गर्दी करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो. त्यामुळे रस्त्यावर पेटी मांडून बसलेल्या माणसाकडून दात काढून घेणे अजून पूर्ण थांबलेले नाही. न उकळलेल्या हत्याराने कावीळ ब, कावीळ क यांसारखे रोग रक्तातून जाऊ शकतात. वाचवलेले पन्नास रुपये जन्मभर महाग पडतात.

मग जायचे कुठे? मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे केसपेपर काढून खाजगीच्या मानाने फार कमी खर्चात दात भरणे, नस साफ करणे, कवळी बसवणे ही कामे होतात. शिकाऊ डॉक्टर काम करतात म्हणून घाबरू नये, त्यांच्यामागे शिक्षक उभे असतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन फेऱ्या होतात, हे खरे. जिल्हा रुग्णालयात आणि पुष्कळ उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतील मुलांच्या तपासणीत दातही पाहायचे असतात. आपल्या शाळेत ते पथक कधी आले, मुलांचे तोंड उघडून पाहिले की नुसती सही झाली, हे पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावे. विचारणाऱ्याचेच काम होते.

माता-भगिनींसाठी: मशेरीबद्दल

आपल्या घरातील कितीतरी आया, आज्या मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दात स्वच्छ करते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात मशेरी म्हणजे तंबाखूच. सकाळी एकदा, मग दुपारी, मग रात्री काम उरकल्यावर, असे बोट तोंडात जात राहते. मशेरी लावली नाही तर डोके जड होते, पोट साफ होत नाही असे वाटते. ते व्यसनाचे लक्षण आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? ती आपणच घालायची.

1960 च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने, डॉ. फली मेहता यांच्या मार्गदर्शनाखाली, निरनिराळ्या राज्यांतील खेड्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. त्यात आपला पुणे जिल्हाही होता. तोंडाचा कर्करोग बहुतेक तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनाच होतो, आणि त्याआधी पुष्कळदा तोंडात पांढरे चट्टे दिसतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे याच विभागाने तीन जिल्ह्यांतील तंबाखू वापरणाऱ्या 36 हजार लोकांवर दीर्घ काळ काम केले. लोकांना भेटून, समजावून सांगून तंबाखू सोडायला मदत केली. 1986 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की नुसते समजावण्यानेही पुष्कळांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली आणि चट्ट्यांचे प्रमाण घटले. म्हणजे "सांगून काय उपयोग?" हे म्हणणे खोटे आहे. सांगण्याचा उपयोग होतो, पण न चिडता, पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तिखट न सोसणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नका. सुपारी-गुटख्याने तोंड आखडत जाते. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर लगेच सरकारी रुग्णालय गाठा. वेळेवर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

डाग दातांचे आणि दोष पाण्याचा

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. लोक त्यांना दात न घासणारी, घाणेरडी मुले म्हणतात. मुलीचे लग्न जमवताना हेच डाग आडवे येतात. वास्तविक हा दोष बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइडचा असतो. दात हाडात तयार होत असताना हे पाणी सतत पोटात गेले तर डाग पडतात, आणि प्रमाण फार असेल तर पुढे हाडे आणि सांधेही आखडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरे पाणी नसेल तर जास्तीत जास्त 1.5. असे डाग गावात अनेक मुलांना दिसत असतील तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पाण्याची तपासणी मागावी. घासून घासून ते डाग जात नाहीत, म्हणून मुलांना मारू-बोलू नये.

हेच फ्लोराइड अल्प प्रमाणात दाताच्या वरून लागले तर दात बळकट करते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने 1945 साली पाण्यात ते मोजून मिसळायला सुरुवात केली आणि तेथील मुलांची कीड बरीच कमी झाली. जिथे पाण्यात आधीच जास्त आहे तिथे ते वाढवायचे नसते, एवढे तारतम्य हवे. फ्लोराइडची पेस्ट मात्र थुंकून टाकायची असते, म्हणून बहुतेक ठिकाणी ती निर्धोक आहे.

उद्या काय येणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे जग. म्हणून संशोधनही वेगात आहे. जपानमध्ये क्योटो येथे 2024 साली नवा दात उगवण्यास मदत करणाऱ्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात ते सुरक्षित आहे का एवढेच पाहायचे होते. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी 1965 साली जबड्याच्या हाडात टायटेनियमचा खुंट बसवून त्यावर दात उभे केले. तेच आजचे इम्प्लांट. पण त्याचा खर्च आपल्यापैकी किती जणांना झेपेल?

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे भविष्य साधे आणि स्वस्त आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे एक द्रव औषध आहे. किडलेल्या जागी थेंब लावला की पुष्कळदा कीड तिथेच थांबते. मशीन नाही, सुई नाही. ती जागा काळी पडते, एवढाच दोष. ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट हातातील साध्या हत्याराने, विजेशिवाय दातात भरता येते. ही पद्धत 1980 च्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात रुजली, कारण तिथल्या खेड्यांत वीज नव्हती. फ्लोराइड पेस्ट, हे औषध आणि हे सिमेंट, तिन्ही 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले. अंगणवाडीच्या दारात, शाळेच्या व्हरांड्यात करता येतील अशी ही कामे आहेत. ती आपल्या वस्तीत यावीत म्हणून मागणी करणे आपल्या हातात आहे.

घरात पाळायच्या गोष्टी

1. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती दुधाची नसते, जन्मभराची असते. "पडणारच आहे" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि दहाव्या-बाराव्या वर्षी ती काढावी लागते. घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड आज रात्रीच उजेडात पाहा.

2. रात्रीचे घासणे सकाळपेक्षाही महत्त्वाचे. झोपेत लाळ कमी होते. फ्लोराइडची साधी, स्वस्त पेस्ट पुरे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट लागत नाही, त्यात आपले पैसेच जातात. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच भरपूर चुळा भरू नयेत.

3. दुधाची बाटली किंवा गोड पाणी तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये.

4. खेळताना पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे धावा. तो पुन्हा बसू शकतो.

5. दाढेच्या दुखण्याबरोबर गळ्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल, तर सकाळची वाट पाहू नका. अशा सुजेने जीव जाऊ शकतो.

6. वरची दाढ काढली की डोळे जातात, दात साफ केले की हलू लागतात, या दोन्ही समजुती खोट्या आहेत. हलणारे दात आधीच कीटण साचून सैल झालेले असतात.

7. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. गरोदरपणी हिरड्यांतून रक्त आले तर घासणे बंद करू नका, तपासून घ्या.

8. डॉक्टरांना "काढून टाका" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: "डॉक्टर, हा वाचेल का? वाचवायला काय करावे लागेल?"

हा शेवटचा प्रश्न विचारायला शिका. आपल्या तोंडातील दाताची किंमत दुसऱ्या कोणाच्या दातापेक्षा कमी नाही. काढण्याइतकाच तो वाचवण्याचाही आपल्याला हक्क आहे, आणि तो मागायला संकोच कशाचा?